मोबाइलने पैसे घेण्यादेण्यात नेमके अडते कुठे? नाशिकच्या बाजारातले अनुभव

गोदाकाठ (बुधवार, रात्री ९.४०)

आज संध्याकाळी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मेथीच्या दोन जुड्या आणि थोड्या हिरव्या मिरच्या घेतल्या, चाळीस रुपये झाले. मावशींच्या पाटीला टेकवून क्यूआरचा पुठ्ठा उभा केलेला होता, म्हणून मी मोबाइल काढला. मावशींनी तो पुठ्ठा उलटा केला आणि म्हणाल्या, "ताई, सुट्टे असतील तर द्या. ते पैसे पोराच्या खात्यात जातात."

गर्दी ओसरेपर्यंत मी तिथेच थांबले आणि त्यांच्याशी बोलले. मुलगा सातपूरला कंपनीत कामाला आहे आणि त्याच्या वागण्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही. पण दिवसभरात पुठ्ठ्यावर आलेले पैसे संध्याकाळी त्याच्याकडे मागावे लागतात, त्याची रात्रपाळी असली तर दुसऱ्या दिवसावर जातात, आणि दुसऱ्या दिवशीचा माल मार्केट यार्डातून उचलताना हातात रोकड लागते. टेम्पोवाल्याला शेअर भाडे द्यायचे असते, जागेची पावती फाडायची असते. थोडक्यात, कमाई मावशींची असली तरी खाते त्यांचे नाही. ज्या दिवशी रोख गिऱ्हाईक कमी येते, त्या दिवशी धंदा चांगला होऊनही त्या रिकाम्या हाताने घरी जातात.

युपीआय २०१६ साली आले, त्याच वर्षी ३० डिसेंबरला भीम ॲप सुरू झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले युपीआय व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले. त्यामुळे लोकांना हे नको आहे किंवा समजत नाही, असे म्हणण्यात आता अर्थ राहिलेला नाही. तरीही आपल्या जिल्ह्यात, आणि खुद्द शहरात, अनेक ठिकाणी ते उंबरठ्यापाशी थांबलेले दिसते. ते का थांबते, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढला आहे. "जनजागृती व्हायला हवी" एवढेच उत्तर कृपया देऊ नये. मावशींना सर्व काही नीट कळते, आणि म्हणूनच त्यांनी पुठ्ठा उलटा केला. आपापल्या कामधंद्यातले प्रत्यक्ष अनुभव लिहावेत, ही विनंती.

कारंज्यावरचा दुकानदार (बुधवार, रात्री १०.२५)

ताई, विषय चांगला काढलात. रविवार कारंज्याजवळ आमचे किराणा दुकान आहे. आज निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक मोबाइलनेच पैसे देते आणि सुट्ट्या पैशांची रोजची कटकट त्यामुळे गेली, हे मी आधी मान्य करतो. १ जानेवारी २०२० पासून युपीआयवर व्यापाऱ्याकडून कमिशन घेतले जात नाही, त्यामुळे त्या बाजूने आमची ओरड नाही. पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या साउंडबॉक्सचे महिन्याचे भाडे जाते, पण ते परवडते, कारण तो नसताना गर्दीच्या वेळी जुन्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे दोघे तिघे आम्हाला भेटलेले आहेत.

आमच्या मनात भीती बसली ती दुसऱ्याच कारणाने. मागच्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी एका अनोळखी माणसाने तेल, साखर आणि सुकामेवा मिळून १,८४० रुपयांचा माल नेला आणि पैसे क्यूआरवर दिले. साउंडबॉक्स बोलला, मी पिशवी दिली, व्यवहार संपला असे मी धरून चाललो. तीन आठवड्यांनी घाऊक व्यापाऱ्याला दिलेला धनादेश परत आला. बँकेत गेलो तर कळले की खाते गोठवलेले आहे. परराज्यात कोणाची तरी फसवणूक झाली होती, त्यातले पैसे फिरत फिरत त्या गिऱ्हाइकाच्या हातून माझ्या खात्यात आले होते, आणि तिकडच्या पोलिसांनी पैशांचा माग काढताना माझे खाते थांबवले होते. वाद १,८४० रुपयांचा, आणि अडकली मात्र सगळी शिल्लक. शाखेतून सांगण्यात आले की तिकडून ना हरकत पत्र आणा. मी बिलाची प्रत, दुकानाचा परवाना, त्या दिवसाची नोंद असे सर्व पाठवले, आणि खाते मोकळे व्हायला सव्वा महिना लागला. दिवाळीचा माल त्या काळात उधारीवर भरला. वडिलांच्या काळापासूनची पत होती म्हणून माल मिळाला. नव्याने दुकान टाकलेल्या माणसाने काय केले असते?

फसवणूक झालेल्याचे पैसे परत मिळायला हवेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण वादातली रक्कम तेवढी रोखून धरणे आणि अख्खे खाते बंद करणे यांत फरक आहे. तेव्हापासून क्यूआरसाठी वेगळे खाते ठेवले आहे आणि रोज रात्री त्यातली शिल्लक मुख्य खात्यात वळवतो. इतर दुकानदारांनीही तसे करावे.

दुसरी भीती कराची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात युपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत अनेक दुकानांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. ती बातमी आमच्या गल्लीत त्याच दिवशी पोहोचली. मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख आहे, हे बहुतेकांना माहीत नसते. शिवाय घरच्यांनी पाठवलेले पैसे, हातउसने, भिशीची रक्कम हे सगळे त्याच खात्यात येत असल्यामुळे, विचारणा झाली तर विक्री किती आणि उसनवारी किती हे वेगळे करून दाखवायचे कसे, याची धास्ती वाटते. करचुकवेगिरीचे समर्थन मी करत नाही. पण ज्याने कधी वही ठेवली नाही, त्याच्या नावाने मोबाइल वही लिहितो आहे आणि ती वही त्याला स्वतःला वाचता येत नाही, ही त्याची अडचण खरी आहे.

द्राक्षमळा (गुरुवार, सकाळी ६.५०)

मी दिंडोरी तालुक्यातला बागायतदार आहे. आमच्याकडे गोडी छाटणीनंतर डिपिंग (द्राक्षाचे घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) आणि विरळणीच्या कामासाठी पेठ आणि सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. दोन वर्षांपूर्वी मी ठरवले की मजुरी रोख द्यायची नाही, मोबाइलनेच द्यायची, म्हणजे हिशेबही राहील आणि घरात रोकड ठेवायला नको.

पहिल्याच शनिवारी अडचण आली. बारा जणांच्या टोळीत स्मार्टफोन तिघांकडे होता, आणि त्यांतल्या दोघांचे सिम खात्याला जोडलेले नव्हते. खाते सर्वांचे होते, जनधनच्या वेळी काढलेले. पण खाते उघडताना दिलेला नंबर रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडला होता. नवे सिम घेतले की नंबर बदलतो, बँकेत जुनाच राहतो, आधारलाही जुनाच राहतो. पिन तयार करायला तेव्हा एक तर चालू एटीएम कार्ड लागायचे किंवा आधारला जोडलेल्या नंबरवर येणारा ओटीपी. कार्डांची मुदत संपलेली आणि नंबर बंद, म्हणजे दोन्ही दारे बंद. शाखा त्यांच्या गावापासून पंचवीस किलोमीटरवर. त्यासाठी रोज बुडवून कोण जाणार?

मग सोपे वाटले म्हणून सगळ्या टोळीची मजुरी मुकादमाच्या नंबरवर पाठवू लागलो. माझा हिशेब चोख झाला. महिनाभराने त्यांतली एक बाई भीत भीत सांगायला आली की मुकादम उचलीचे म्हणून दर आठवड्याला पैसे कापतो, आणि किती कापले ते सांगत नाही. पूर्वी मी ओट्यावर बसून एकेकाच्या हातात पैसे मोजत होतो, तेव्हा हे शक्य नव्हते. गोदाकाठ ताईंनी लिहिलेली मावशींची गोष्ट वाचली आणि ती बाई डोळ्यांसमोर आली. त्या आठवड्यापासून मी पुन्हा रोख देऊ लागलो. ज्यांचे स्वतःचे चालू खाते आणि चालू नंबर आहे, त्यांना विचारून मोबाइलने देतो.

सातपूरकर (गुरुवार, दुपारी १.१५)

वरचे अनुभव खरे आहेत, पण एक वेगळी बाजू मांडतो. रोख पैशाचे धोके आपल्याला सवयीचे झाले आहेत म्हणून दिसत नाहीत. माझ्या आईची पर्स सीबीएस बसस्थानकावर बसमध्ये चढताना मारली गेली, तेव्हा त्यातले पैसे गेले ते गेलेच, त्याचा माग काढणारे कोणी नव्हते. आता एसटीतही वाहकाच्या मशीनवर क्यूआर आहे आणि सुट्ट्यांवरून होणारी वादावादी कमी झाली आहे. सिम, कार्ड, ओटीपी या अडचणी एकदा दूर केल्या की पुन्हा येत नाहीत. शिवाय ज्यांचे खाते नाही किंवा ज्यांना ते हाताळता येत नाही, त्यांच्यासाठी २०२४ मध्ये युपीआय सर्कल आले आहे. त्यात घरातला एक जण आपल्या खात्यातून दुसऱ्याला खर्चाची परवानगी देऊ शकतो आणि मर्यादाही ठरवू शकतो. मावशींच्या मुलाने आईला अशी परवानगी दिली तर प्रश्न मिटेल, असे मला वाटते.

गोदाकाठ (गुरुवार, दुपारी ३.०५)

सातपूरकर, पर्सचा मुद्दा मान्य. पण युपीआय सर्कलने मावशींचा प्रश्न मिटत नाही. मावशींनी कमावलेले पैसे मुलाच्या खात्यात जमा होणार आणि मग ते खर्च करण्याची परवानगी मुलगा आईला देणार, मर्यादा तोच ठरवणार. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांसाठी ती सोय उत्तम आहे. जी बाई पहाटे उठून पाटी भरते, तिच्यासाठी मात्र ते उलटे होईल. आणि सिमची अडचण एकदा सुटली की पुन्हा येत नाही, हे द्राक्षमळा यांनी लिहिलेल्या मजुरांच्या बाबतीत खरे नाही, कारण रिचार्जचे पैसे नसले की ती दर काही महिन्यांनी नव्याने येते.

निवृत्त रोखपाल (गुरुवार, सायंकाळी ७.३०)

नाशिकरोडला बत्तीस वर्षे बँकेच्या काउंटरवर काम केले. करन्सी नोट प्रेस असलेल्या गावात आयुष्य नोटा मोजण्यात गेले, तरी गेली पाच वर्षे आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना मोबाइलने पैसे देणे मी स्वतः शिकवतो. त्या अनुभवातून थोडे सविस्तर लिहितो.

लोकांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे मधेच अडकलेला व्यवहार. आपल्या खात्यातून पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, दुकानदार माल देत नाही आणि मागे रांग उभी आहे. रोखीत ही अवस्थाच नसते. यासाठी रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत तर ते पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानातला व्यवहार असेल आणि दुकानदाराला पैसे मिळाल्याची खात्री झाली नसेल, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने तक्रारीची वाट न पाहता द्यायची आहे. नियम चांगला आहे. पण ज्याच्या खात्यात सगळे मिळून सहाशे रुपये आहेत आणि त्यांतले चारशे अडकले आहेत, त्याने पाच दिवस घर कसे चालवायचे, याचे उत्तर त्या नियमात नाही. मला हा अनुभव आला तेव्हा पाकिटात नोट होती. ज्याच्या पाकिटात नाही, तो पुन्हा मोबाइलच्या वाटेला जात नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच भार पडत नाही. मात्र स्वतः पिन टाकला किंवा ओटीपी सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. आता प्रत्यक्षात फसवणूक होते कशी? बहुतेक वेळा गोड बोलून माणसाकडूनच पिन टाकून घेतला जातो. "तुम्हाला पैसे पाठवतो आहे, स्वीकारण्यासाठी पिन टाका," असे सांगितले जाते. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे वाक्य मी शिकवणीत प्रत्येकाला तीन वेळा मोठ्याने म्हणायला लावतो. व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे मागण्याची जी विनंती पाठवता येत असे, ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे ही एक वाट तरी बुजली. पण फोनवर घाबरवून पिन टाकून घेणारे आहेतच. तसे झाले तर एक मिनिटही न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. लाजेने घरच्यांपासून लपवण्यात जो वेळ जातो, त्यातच पैसे पुढच्या खात्यात निघून जातात. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिला शुल्क लागत नाही.

मावशींसाठी एक सांगतो. पैसे घेण्यासाठी स्मार्टफोन लागत नाही. खाते त्यांच्या नावाचे असेल तर बँक त्याच खात्याचा क्यूआर देऊ शकते, आणि साउंडबॉक्सला स्वतःचे सिम असते, त्यामुळे रक्कम मराठीतून ऐकू येते. खाते नसेल तर पोस्टाच्या पेमेंट बँकेचा पोस्टमन घरी येऊन आधारवरून खाते उघडून देतो, आधारला नवा मोबाइल नंबर जोडण्याचे कामही तो करू शकतो, आणि पुढे अंगठा लावून रोख पैसेही त्याच्याकडून घेता येतात. द्राक्षमळा यांच्या मजुरांनाही ही वाट जवळची पडेल.

हरसूलची शिक्षिका (गुरुवार, रात्री ९.१०)

त्र्यंबकेश्वर ओलांडून आमच्याकडे येताना घाटात नेटवर्क जाते आणि गावात येते ते ठरावीक जागी. आमच्या शाळेमागच्या उंबराखाली उभे राहिले की मोबाइल लागतो, त्यामुळे दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, "उंबराखाली जाऊन पैसे पाठवून या." लोक जातात, पाठवतात, परत येतात, पण दुकानाच्या आत दुकानदाराला संदेश पोहोचलेला नसतो. मग दोघे मिळून पुन्हा उंबराखाली जातात. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो, तेव्हा तेवढेही होत नाही.

इंटरनेट नसले तरी *९९# वर युपीआय चालते आणि त्यात मराठीचा पर्यायही आहे. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी १२३पे आले, त्यात फोन करून आवाजाच्या सूचनांवरून पैसे पाठवता येतात. मी स्वतः दोन्ही वापरून पाहिले. *९९# मध्ये एका आकड्यानंतर दुसरा आकडा टाकेपर्यंत वेळ संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिकलेल्या माणसाची ही अवस्था, तर माझ्या विद्यार्थ्यांच्या आजीने काय करावे? सोय कागदावर आहे हे खरे, पण ती चालवून दाखवणारा माणूस गावात नाही. शहरात मुलगा आईला शिकवतो, आमच्याकडची मुले कामासाठी द्राक्षमळ्यांवर गेलेली असतात.

पंचवटीची लेक (शुक्रवार, सकाळी ८.००)

वडील ७८ वर्षांचे आहेत. हात थरथरतो, त्यामुळे पिनचे आकडे चुकतात, आणि तीन वेळा चुकले की त्या दिवसापुरते बंद होते. ॲप मराठीत करून दिले आहे, पण व्यवहार फसला की समोर येणारा संदेश इंग्रजीतच असतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच भाषा बदलते. शेवटी त्यांनी पिन नातवाला सांगून टाकला. असे करू नये हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. दुसरा मार्ग आम्हाला सुचला नाही.

निवृत्त रोखपाल (शुक्रवार, सकाळी ९.४५)

लेकी, वडिलांसाठी युपीआय लाइट लावून द्या. त्यात थोडी रक्कम आधी भरून ठेवायची असते आणि छोट्या व्यवहारांना पिन लागत नाही. मोबाइल हरवला तर तेवढ्याच रकमेला धोका असतो, मुख्य खाते सुरक्षित राहते. दूध, भाजी, औषध एवढ्यासाठी ते पुरेल. आणि नातवाला सांगितलेला पिन आजच बदलून घ्या.

कारंज्यावरचा दुकानदार (शुक्रवार, रात्री १०.१०)

एक मुद्दा राहिला होता. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर युपीआय बंद पडले, तेव्हा आमच्याकडे गिऱ्हाईक भरलेल्या पिशव्या काउंटरवर ठेवून परत गेले, कारण कोणाच्याच खिशात रोख नव्हती. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या आसपास पर्वणीच्या दिवशी केवढी गर्दी असेल, तेव्हा नेटवर्कची काय गत होईल, याचा विचार व्यापाऱ्यांनी आत्तापासून करावा. मी तरी गल्ल्यात सुट्टे ठेवणार आहे आणि बाहेरून येणाऱ्या भाविकांनी थोडी रोकड सोबत ठेवावी, अशी पाटी लावणार आहे.

गोदाकाठ (पुढचा बुधवार, रात्री ९.५५)

रोखपाल काकांनी सांगितल्याप्रमाणे सोमवारी मावशींना घेऊन पोस्टात गेले होते. खाते त्यांच्या स्वतःच्या नावावर उघडले. आधारला मुलाचाच नंबर होता, तो बदलण्याचा अर्ज दिला आहे, त्याला काही दिवस लागतील. मुलगा सुट्टी काढून स्वतः आला होता आणि त्यानेच आईचा फॉर्म भरला, हे मुद्दाम नोंदवते. आजवर पुठ्ठा आपल्या नावावर असल्याने आईची अडचण होते, हे तिने त्याला कधी सांगितलेच नव्हते.

आज बाजारात नवा क्यूआर अजून आलेला नव्हता, जुना पुठ्ठा पाटीखाली होता. मावशींनी मला एकच विचारले की खात्यातून पैसे काढायला पोस्टमन बुधवारी दुपारच्या आत येईल का, कारण माल उचलायचा तर रोकड त्याआधी लागते. पोस्टात विचारून उद्या इथे लिहिते. आज मी त्यांना चाळीस रुपये रोखच दिले.